चिखलावरचा अंगठा

केरेतारो, २० जून

कासिल्दाताई,

फोनवर तू मला बंद करून टाकलंस, म्हणून हा कागद. कागदाला अजून तशी सोय निघालेली नाही. फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो. पण पाकिटावरचं अक्षर ओळखून तू तो सरळ चुलीत घालशील, म्हणून पत्ता आबुंदिओकाकांचा लिहिलाय. ते होडीतून आणून देतील आणि तू चष्मा सापडत नाही म्हणालीस तर वाचूनही दाखवतील. वाचता वाचता पदरच्या दोन ओळी घालतील हेही मला ठाऊक आहे. काका, घालू नका.

मी बरा आहे. नोकरी आहे. हसू नकोस. खरं तर मी झाकातेकासला निघालो होतो, पण इथे बस थांबली तेव्हा चौकात बँड वाजत होता, आणि त्यातला ट्रॉम्बोनवाला इतका बेसूर होता की शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय उठवेना. बस गेली. त्याच चौकात बेरेनिसबाई भेटल्या. त्यांची इथे एका जुन्या हवेलीत संस्था आहे. दारावर पाटी आहे : ‘विचारांचा वाफा’. शहरातली शिकलेली पोरं येतात, गाद्यांवर बसतात आणि धंद्याच्या नव्या कल्पना काढतात. इथे सगळ्यालाच शेतातलं नाव आहे. ज्या काचेच्या खोलीत कॉफी मिळते ते हरितगृह. नवी पोरं म्हणजे रोपं. एखाद्याची कल्पना फसली की ती ‘खतात गेली’ म्हणतात आणि टाळ्या वाजवतात. मी पहिल्या दिवशी विचारलं, खत कुठे पडतं? सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

बाईंना अंगणात खराखुरा वाफा हवा होता. आपल्यासारखा, चिखलाचा, चौकोन कापलेला. मी म्हटलं, मी सान ग्रेगोरिओचा, कालव्यांमधल्या चिनाम्पावर, म्हणजे पाण्यातल्या शेतावर, वाढलेला, आमचं घराणं सात पिढ्या हेच करतंय. घराण्याबद्दल खोटं बोललो नाही. मी त्यात किती दिवस केलं ते त्यांनी विचारलं नाही.

“त्या चिखलाच्या चौकोनाला तुमच्यात काय म्हणतात?”

“चापिन.”

“म्हणजे काय?”

आता म्हणजे काय ते आईला तरी कुठे माहीत होतं! पण बाई पेन उघडून बसलेल्या, सगळी रोपं माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, “मातीचं हृदय.” ताई, त्यांनी ते भिंतीवर रंगवून घेतलंय. माझ्या उंचीची अक्षरं आहेत.

असो. सान हुआनचा सण आला. झेंडू टाकायची वेळ. यंदा तू आपलं बी नाही पेरलंस तरी चालेल की. बाजारात हल्ली छान, बुटका, भरगच्च झेंडू मिळतो. आणि घरात उंदीर फार झालेत असं ऐकतो. चुलीवर टांगलेल्या बियाण्याच्या भोपळ्यातसुद्धा जातात म्हणे.

तुझा
नाबोर

केरेतारो, ३ जुलै

ताई,

काकांचा फोन आला होता. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, म्हणजे त्यांनी तुला काही वेगळं सांगितलं असेल तर कळेल.

“नाबोर, तुझ्या बहिणीनं मांजर आणलंय.”

“बरं झालं.”

“काय बरं झालं? सणाच्या दिवशी भोपळा उतरवला, तर आत नुसता भोपळा. बी नाही. चुलीपुढे बसून राहिली. मी म्हटलं उंदीर असतील, नाबोरनंही लिहिलंय. तर म्हणाली, उंदीर टरफलं ठेवून जातात.”

मी म्हटलं, “काका, आई तर बियाचे दोन वाटे करायची ना? एक पेरायला, एक राखणीला. एक गेला तर दुसरा असेल.”

काका म्हणाले,

“दुसरा आईच्या उशाला आहे.”

“कुठल्या उशाला? खाटेच्या?”

“खाटेच्या कशाला? खाली. मातीत. कासिल्दानं रुमालात बांधून तिच्या उशाशी ठेवला. शिदोरी दिली, पाण्याचा तुंबा दिला, आणि म्हणाली, हिला तिकडे गेल्या गेल्या पेरायला लागेल, ही बसून राहणारी बाई नव्हे. तू वेळेवर आला असतास तर दिसलं असतं तुला.”

आई गेल्यावर मी नवव्या दिवशी आलो होतो, तिच्या विधीचा क्रूस उचलायला. कुणी मला सांगितलं नाही. सांगायला मी थांबलो तरी कुठे?

ताई, उंदीर मी आहे.

क्रूस उचलला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू पातेली परत करायला शेजारी गेली होतीस. मी भोपळा उतरवला. कांदेलारियाच्या सणाला आईने देवळात नेऊन आशीर्वाद घेतलेलं ते बी, अजून त्याला उदाचा वास होता. मी समजलो हा एक वाटा, दुसरा तू कुठेतरी राखून ठेवला असशील. आपल्या घरात नेहमी दोन वाटे असतात, याच भरवशावर चोरी केली.

आईची आठवण म्हणून नेलं, असं आधी लिहिलं होतं. खोडलंय, तुला दिसेल. आठवण म्हणून नेलं असतं तर उशाखाली ठेवलं असतं. मी नेलं कारण मला पुन्हा कुठेतरी रिकाम्या हाताने उतरायचं नव्हतं. मी कोण, असं कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं होतं.

आणि ते मी इथे पेरलं. बाईंच्या अंगणात हौद आहे, पाणी निळं दिसावं म्हणून त्यात काहीतरी ओततात. त्याच्या तळाचा गाळ काढून मी वाफा पसरला. कापायच्या वेळी एक पोरगा अकॉर्डियन घेऊन आला, आणि त्याचा एक सूर अडकत होता, तो बघण्यात माझा दिवस गेला. परत आलो तर चिखल आपोआप तडकला होता. मी त्याच भेगांत सुरी घातली आणि बी टाकलं. काहीच वर आलं नाही. उकरून पाहिलं तर बी मऊ झालेलं, बोटाला शाई लागल्यासारखं काळं.

सगळं नाही टाकलेलं. उरलेलं लगेच पाठवतो. मांजराला मारू नकोस, त्याचा काही दोष नाही.

नाबोर

केरेतारो, १२ जुलै

ताई,

पाठवतो म्हणालो, पाठवलं नाही. कारण माझ्याकडे नव्हतं.

वाफा उगवेना तेव्हा मी बाईंना सांगायला हवं होतं. पण पाहुण्यांचा दिवस ठरलेला होता. म्हणून मी रोपवाटिकेतून बुटक्या झेंडूची तयार रोपं आणली आणि पहाटे एकेका चौकोनात खोचली. पाहुणे आले. भिंतीवर ‘मातीचं हृदय’, खाली हिरवंगार. एका म्हाताऱ्या गृहस्थाने डोळे पुसले. ताई, तो खरंच रडत होता! आणि मी मान खाली घालून उभा. लोकांना तो माझा नम्रपणा वाटला.

बाईंना त्याच दिवशी आणखी एक सुचलं. उरलेलं बी चिमूट चिमूट छोट्या पाकिटांत भरून प्रत्येकाला भेट द्यायचं. “ह्यातून तुमची कल्पना रुजू दे.” पाकिटं मी स्वतः वाटली. पिशवी झटकून वाटली.

काकांचा फोन आला तो त्याच्यानंतर.

आता मी दारोदार जाऊन ती परत मागतोय. मागताना काय सांगायचं याचा पहिल्या दारी फार विचार केला होता, तिसऱ्या दारापासून सरळच सांगतो, “हे माझं नव्हतं, माझ्या आईचं होतं, चोरलेलं होतं.” एकाने पाकीट कुठे टाकलं ते त्याला आठवेना; त्याच्या गाडीच्या सीटखाली हात घालून मी पिस्त्यांची टरफलं काढली. एकीने ते काचेच्या चौकटीत लावलंय, म्हणाली, “पण आता छान दिसतंय ना!” चौकट उघडून दिली तिने, पण तोंड वाकडं करून. ज्या गृहस्थाने डोळे पुसले होते त्यांनी दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे ती रोपंही?” मी हो म्हटलं. ते आत गेले, पाकीट आणून माझ्या तळहातावर ठेवलं आणि दार लावून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बेरेनिसबाईंनाही सांगितलं. “नाबोर, चूक झाली तर ती खतात जाते. ह्यावर आपण एक सत्र घेऊ या का?” त्यांना मी सगळ्यांसमोर गादीवर बसून हे सांगायला हवा होतो, आणि शेवटी टाळ्या. मी म्हटलं, बाई, ह्याला टाळ्या नकोत. माझं सामान एका पिशवीत मावतं, ती उचलली. निघताना भिंत रंगवायला डबा मागितला. त्या नाही म्हणाल्या. ते वाक्य आता त्यांच्या सगळ्या कागदांवर आहे.

मूठभरसुद्धा जमलं नाही. पोस्टाने पाठवायची हिंमत नाही. काका म्हणतात, “तूच आण. आणि आला नाहीस तर मला काका म्हणू नकोस.”

नाबोर

सान ग्रेगोरिओ, काकांच्या होडीघरातून, २८ जुलै

ताई,

एका कालव्यापलीकडून पत्र लिहिणं मूर्खपणाचं आहे. पण तू तोंडाने बोलत नाहीस आणि मला तुझ्यासमोर तोंड उघडवत नाही, तर मग कागदच बरा.

काकांची काठीला बांधलेली, चिखल काढायची पिशवी घेऊन मी कालव्याच्या मधोमध गेलो. काठचा चिखल घेतला नाही, तेवढं आठवत होतं. पिशवी पहिल्यांदा तळाला टेकवली तेव्हा मी पाण्यात पडलो, ते तू बघितलंस. पलीकडून तुझं हसू आलं की पाणकोंबडी ओरडली ते मला कळलं नाही. मी विचारणार नाही.

चिखल पसरला, फळीने सारखा केला, आणि ह्या वेळी त्याच्याजवळून हललो नाही. काकांनी मक्याच्या पिठाचं गरम आतोले आणून दिलं ते उभ्यानेच प्यालो. तरी मला कळेना कधी कापायचं. आईचा अंगठा आठवतो, पण अंगठ्याला काय कळायचं ते आठवत नाही. सुरी हातात घेतली, तेवढ्यात तुझी होडी लागली.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. गुडघ्यावर बसलीस, चिखलात अंगठा दाबलास आणि उचललास. अंगठ्याला चिखल चिकटून आला.

“काका, त्याला सांगा, सुरी खाली ठेव.”

काका म्हणाले, “नाबोर, सुरी खाली ठेव.”

“सांगा, ठसा उमटला पाहिजे आणि अंगठा कोरडा निघाला पाहिजे. आत्ता कापलं तर चौकोन परत एकमेकांना मिठी मारतील.”

काका म्हणाले, “ऐकलंस ना? का मी सगळं परत बोलू? मला दम लागतो.”

तू होडीत बसलीस. काठी टेकवलीस आणि पाण्याकडे बघत म्हणालीस, “आणि विचारा त्याला, मातीचं हृदय वाळत आलं की बोलवेल का?”

काका इतके हसले की त्यांना खोकला लागला. मी कान तापेपर्यंत तिथेच उभा राहिलो. पण ताई, म्हणजे तू माझी पत्रं वाचतेस.

दुपार कलल्यावर मी अंगठा दाबला. कोरडा निघाला. काकांना ओरडायला लावलं, तू आलीस, तूही दाबलास. माझ्या ठशाच्या शेजारी तुझा. मग काही न बोलता सुरी घेतलीस आणि कापायला लागलीस. मी बोटाने खड्डे केले. बी तू टाकलंस. मला हात लावू दिला नाहीस, ते बरोबर आहे.

नाबोर

सान ग्रेगोरिओ, २४ ऑक्टोबर

ताई,

चौकोन तू ऑगस्टात तुझ्या होडीतून नेलेस आणि घरामागच्या आपल्या तुकड्यावर लावलेस. मला ये म्हणाली नाहीस, जा पण म्हणाली नाहीस. म्हणून मी रोज येतो, पाणी घालतो, पाणकोंबड्या हाकलतो आणि तू मागच्या दाराशी आलीस की जलपर्णी उपसायला लागतो. हा कालवा इतका स्वच्छ कधीच नव्हता असं काका म्हणतात. “लाज वाटणारा माणूस गावात एक तरी पाहिजे,” असंही म्हणतात.

मधे मी एकदा गेलो होतो. तुला कळलं असेल. मिल्पा आल्ताला एक माणूस पतंगांसाठी वेळू कापतो असं ऐकलं, तो कसा कापतो ते बघायला. संध्याकाळी परत आलो. पाणी तू घातलं होतंस. माझी घागर वाफ्याच्या काठावर उपडी घालून ठेवली होतीस. त्यानंतर गेलो नाही.

सात झाडं जगली. बाकीची आलीच नाहीत. त्या पाकिटांत काय काय झालं होतं देव जाणे. सात, पण आईचीच. कमरेएवढी उंच, आणि चुरडलं पान की तोच वास, नाकात मिरची गेल्यासारखा. कळ्या धरल्यात. तीस तारखेपर्यंत फुलतील.

आणि आता जे विचारायचंय ते विचारायला माझी जीभ रेटत नाही. मृतांच्या सणाला आईसाठी मांडायची ही पहिलीच ओफ्रेंदा. तिच्या फोटोपुढे तिची फुलं नसतील तर ती काय म्हणेल? बाजारच्या झेंडूला ती ‘कागदाचा’ म्हणायची. पण ही सात तोडली तर बी कुठून येणार? बी धरायचं तर फूल झाडावरच वाळायला हवं. सातातली दोन-तीन तोडायची म्हटलं तरी काकांचं म्हणणं, ह्या सातातली किती धडपणे बी देतील कुणी सांगावं, थंडी लवकर आली तर एकही नाही.

उरलेला वाटा मी घालवला नसता तर हा प्रश्न आलाच नसता. हे मी तुझ्यापुढे टाकतोय, हीसुद्धा लाजेचीच गोष्ट. पण मी ठरवलं तर चुकेन, आणि मी आता ह्या झाडांच्या बाबतीत आणखी एकदा चुकू शकत नाही.

तू सांगशील ते. काकांकरवी सांगितलंस तरी चालेल.

नाबोर

सान ग्रेगोरिओ, २ नोव्हेंबर

ताई,

तू काहीच सांगितलं नाहीस. मी एकतीस तारखेला वाफ्यापाशी कात्री घेऊन आलो आणि तशीच खिशात ठेवून बसलो. सातही फुलली होती.

काल दुपारी घंटा सुरू झाल्या तेव्हा घरात काय चाललंय ते मला वाफ्यावरून दिसत होतं. तू दार सताड उघडं ठेवलं होतंस. आईचा फोटो, तामाले, कॉफीचा तिचा कान तुटलेला कप, मीठ, पाणी. आणि फुलं बाजारची. बुटकी, भरगच्च. मीच तुला सुचवलेली. मी मान फिरवली. वाटलं, आई इतक्या लांबून येणार, आणि वासावाचून तिला घर सापडायचं कसं?

रस्त्यावरून घरापर्यंत पाकळ्यांची वाट तू सकाळीच घातली होतीस, सगळे घालतात तशी. मग बघतो तर तू आणखी एक परात भरून घेतलीस आणि फोटोपासून उलटी निघालीस. मागच्या दारातून बाहेर. पायरीवरून खाली, कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून, कालव्याच्या काठाने, चिमूट चिमूट सोडत. होडीत बसलेले काका म्हणाले, “कासिल्दा, अगं वाट घरात आणतात, बाहेर नाही नेत.”

“घरी येऊन जेवेल ती,” तू म्हणालीस, “आणि मग विचारेल, माझं बी कुठाय. तेव्हा दाखवायला नको?”

काकांनी टोपी काढली.

तू वाफ्यापर्यंत आलीस. सात झाडं उभी, एकही फूल न तोडलेलं. मी त्यांच्या पुढ्यातच पाय पसरून बसलो होतो, आणि तुझी वाट येऊन माझ्या बुटांपाशी थांबली. परातीत थोड्या पाकळ्या उरल्या होत्या. मला क्षणभर वाटलं, आणि वाटल्याची लाजच वाटली, की ही वाट माझ्यापर्यंत आणलीये. पण जित्या माणसासाठी पाकळ्या कुणी घालत नाही.

काका तिथेच होते. त्यांना सांगून मला सांगता आलं असतं. तू माझ्याकडे बघितलंस.

“सरक,” म्हणालीस. “आईच्या वाटेत बसलायस.”

नवव्या दिवसानंतर माझ्याशी थेट बोललेले तुझे पहिले शब्द. ते मी इथे लिहून ठेवतोय, नाहीतर उद्या मीच त्यांना काहीतरी भलता अर्थ लावीन. ती सवय मला आहे.

मी सरकलो. माझे बूट होते तिथे तू उरलेल्या पाकळ्या टाकल्यास आणि परात काखेत मारून परत गेलीस. किती सरकायचं ते तू सांगितलं नव्हतंस, म्हणून मी फक्त वाफ्याच्या काठापर्यंत सरकलो. फुलं वाळेपर्यंत तिथेच आहे.

नाबोर